किल्ली मावशींच्या पर्समध्ये

आमच्या मावशींना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मावशींना, उद्या स्वर्गात प्रवेश मिळाला तरी त्या दारातच थांबून चौकशी करतील, की इथली व्यवस्था ठरवताना बायकांना विचारलं होतं का. आणि 'सगळ्यांना विचारलं होतं' असं उत्तर आलं, तर अप्सरांना बाजूला घेऊन त्यांची वेगळी मीटिंग लावतील. त्यांचं कामच ते. इंजिनिअर म्हणून अमेरिकेत आल्या, न्यू जर्सीत रिटायर झाल्या, आणि ज्या वयात त्यांच्या मैत्रिणी क्रूझवर जातात त्या वयात एका मदतसंस्थेत रुजू झाल्या. युद्धात घर सुटलेल्या लोकांच्या छावण्यांत बायकांची आबाळ होऊ नये, म्हणून तिथे काम करणाऱ्या सगळ्या संस्थांना त्या एका सुरात आणतात. त्यांच्या हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक, की ते सांगून होईपर्यंत समोरच्याचा चहा निवतो. नवरा सोपं करून सांगतो: जिथे युद्ध चालू असतं तिथे आमची मावशी आणखी भांडायला जाते.

ही सवय अर्थातच घरीही आली. जर्सी सिटीत आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आल्या, तेव्हा आम्हा दोघांना वेगवेगळ्या खोलीत गाठून त्यांनी विचारलं, घरातले निर्णय कोण घेतं. नवरा म्हणाला, दोघं मिळून. मी म्हणाले, दोघं मिळून, पण त्याचं आधी ठरलेलं असतं. रात्रीच्या जेवणात दोन्ही उत्तरं जाहीर झाली आणि भांडी जी नवऱ्याकडे गेली ती आजतागायत तिकडेच आहेत. आमच्या मंडळाच्या गणपतीतही त्यांनी बायकांची वेगळी मीटिंग घेतली. बायका म्हणाल्या, एकदा तरी आरती स्वयंपाकघरातून न ऐकता समोर उभं राहून म्हणायची आहे. त्या वर्षी मोदक पुरुषांनी केले. प्रसाद वाटीत घेऊन चमच्याने खावा लागला, पण बायकांनी आरती अशी काही खणखणीत म्हटली, की शेजारच्या हॉलमधले लोक बघायला आले.

पण मावशींचा खरा पराक्रम मी पाहिला तो गेल्या वर्षी. त्यांच्या ऑफिसात दुरुस्ती चालू होती, म्हणून संस्थांची बैठक आमच्या बिल्डिंगच्या क्लबरूममध्ये भरली आणि चहा माझ्याकडे आला. प्रश्न एका छावणीचा होता. तिथल्या बायकांच्या संडासांना सुरक्षेसाठी अंधार पडला की बाहेरून कुलूप लागायचं आणि किल्ली चौकीतल्या बंदूकधारी पहारेकऱ्यांकडे असायची. ही कल्पना बैठकीच्या अध्यक्षांची. गृहस्थ सज्जन, सुरक्षेतले जाणकार, आणि या कुलपावर मनापासून खूश. छावणीतून एकही तक्रार नाही, असं ते अभिमानाने सांगत होते. मावशींनी छावणीतल्या बायकांशी वेगळं बोलून घेतलं होतं. परक्या पुरुषांच्या चौकीत जाऊन किल्ली मागायला नको, म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. पोरीबाळी आजारी पडत होत्या. मावशींनी हे दोनदा लिहून कळवलं होतं. दोन्ही वेळा 'नोंद घेतली' असं उत्तर आलं होतं.

त्या दिवशी मावशींनी मला बजावलं, "चहा भरपूर कर, आणि कप रिकामा दिसला की भर." आमच्या क्लबरूमच्या रेस्टरूमची किल्ली मॅनेजरकडून आणावी लागते. ती मावशींनी आधीच आणून पर्समध्ये टाकली आणि बैठकीच्या सुरुवातीलाच सांगितलं, कोणाला लागली तर माझ्याकडे मागा. मग छावणीतल्या धान्यापासून ताडपत्र्यांपर्यंत एकेक विषय त्यांनी असा सावकाश चालवला, की मी ओतून ओतून दमले. दुसऱ्या तासाला मंडळी खुर्चीत चुळबुळू लागली. एकाने पायावर पाय टाकला, दुसऱ्याने काढला. जो तो मावशींच्या पर्सकडे बघायचा आणि पुन्हा कागदात डोकं घालायचा. भर सभेत एका आजीबाईंकडे संडासाची किल्ली मागायची लाज कोणालाच सोडवेना. शेवटी अध्यक्षच कसनुसं हसत म्हणाले, पाच मिनिटं ब्रेक घेऊ या का?

मावशींनी किल्ली काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि इंग्रजीत, पण अस्सल पुणेरी सुरात म्हणाल्या, "घ्या ना. मघापासून मागितली का नाहीत? मी तर तुमच्या ओळखीची आहे. माझ्याकडे बंदूकही नाही."

अध्यक्ष लालबुंद झाले, आणि मग, माणूस खरंच सज्जन, म्हणाले की आधी निर्णय घेऊ, मग ब्रेक. बाहेरची कुलपं काढायची, आतून कड्या बसवायच्या, वाटेवर दिवे लावायचे, आणि देखरेख बायकांच्याच समितीकडे द्यायची. इतका झटपट ठराव माझ्या पाहण्यात नाही. सगळ्यांचे हात एकदम वर गेले, आणि लगोलग सगळे दाराकडे गेले. मी चहाची किटली हातात घेऊन एकटीच टाळ्या वाजवायच्या बेतात होते. त्या दिवशी मला मावशींचा इतका अभिमान वाटला, की नवऱ्याला फोन करून मी सगळं दोनदा सांगितलं.

महिन्याभराने छावणीतून एक व्हिडिओ आला. संध्याकाळची वेळ, नव्या दिव्याखाली बायका कोंडाळं करून बसलेल्या, हातात पेले, आणि कशावर तरी खो खो हसत होत्या. मावशींनी तो लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा लावला. "पितायत गं," म्हणाल्या, "बघ, पोटभर पितायत." त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. मी म्हटलं, मावशी, जिंकलात. त्या हो म्हणाल्या, चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी पुसत राहिल्या.

"यातली एक मला विचारत होती," त्या हळूच म्हणाल्या, "की दिवे आले म्हणजे आता आम्हाला इथे बरेच दिवस राहायचंय का?"