खोडून टाकलेले निरोप

गेल्या आठवड्यात भर दुपारी, नागपुरात, स्वतःच्या घरात, कूलरसमोर बसून मी घाबरले. हसा खुशाल... मीही आधी हसलेच होते.

आमचा सोळा जणांचा ग्रुप आहे, विज्ञान कादंबऱ्यांच्या वेड्यांचा. कुणाला रद्दीत किंवा फुटपाथवर एखादी जुनी मराठी विज्ञान कादंबरी सापडली, की ती यादीप्रमाणे सगळ्यांकडे फिरते. मौद्याहून नागपूर, नागपूरहून कळमेश्वर, तिथून पुढे... बसनं, नाहीतर कुणाच्या तरी हाती.

आणि आमचा एक नियम आहे. वाचता वाचता समासात पुढच्या वाचकासाठी पेन्सिलनं निरोप लिहायचे. त्यानं वाचले की लगेच खोडायचे, म्हणजे त्याला त्याच्या पुढच्यासाठी कोरी जागा मिळते. फोटो काढायचा नाही, पुढची पानं चाळायची नाहीत. नियम माझाच... शाळेतली बाई ना मी, खोड जाते थोडीच!

तर मौद्याच्या रामटेके काकांकडून पार्सल आलं. यादीत माझ्या आधी त्यांचं नाव. वीज प्रकल्पातून रिटायर झालेला माणूस, आमच्यातला सगळ्यात पक्का वाचक. महिनाभर ग्रुपवर गप्प होते, मला वाटलं रुसले असतील.

कादंबरीला कव्हर नाही, नावाचं पान नाही. एका ओसाड रेडिओ केंद्रावरच्या ऑपरेटरची गोष्ट. तो प्रश्न पाठवायच्या आधीच त्याला उत्तरं यायला लागतात... काय जबरदस्त लिहिलंय, बापरे!

सुट्ट्या लागलेल्या, नवरा लग्नाला उमरेडला गेलेला. बाहेर असं ऊन की गल्लीत कुत्रंही नाही. पान एकतीसवर काकांचं अक्षर दिसलं : 'बाई, गॅसवर दूध हाये ना? उठा.'

मी हसले. आणि मग वास आला... पातेलं काळंठिक्कर!

खोडलं आणि पुढे वाचत राहिले. पान त्र्याहत्तरवर : 'दार वाजलं नाही. बसा.' दार वाजल्यासारखं वाटलं म्हणून मी नुकतीच दारातून परत आले होते. बाहेर कुणी नव्हतं. तरी स्वतःची समजूत घातली, की माझी दुधं करपल्याच्या कहाण्या ग्रुपवर कितीदा झाल्यात, आणि त्याच पानावर कादंबरीतही दार वाजतं... काकांनी बरोबर हेरलं असणार. तेही खोडलं.

एकशे अठरावर मात्र हात थांबला. 'घरी एकट्याच ना? घाबरू नका. मी पण इथं एकटाच हाये.'

इथं म्हणजे कुठं? काकांचं घर तर लेक, जावई, नातवंडांनी भरलेलं. भर मे महिन्यात अंगावर काटा आला. तरीही खोडलं. नियम म्हणजे नियम.

एकशे एकोणपन्नासाव्या पानावर असताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मॅडम, मी मौद्यावरून सुजाता बोलून राहिली. रामटेके यायची पोरगी. बाबा गेले मॅडम, मागच्या मंगळवारी. पार्सल त्यायनंच बांधून ठेवलं होतं, तुमचा नंबर त्याच्यावरच होता. जलदान विधी झाला अन् मी धाडून दिलं."

बाकीचं तिच्याकडूनच कळलं. घशाच्या ऑपरेशननंतर काकांचा आवाज गेला होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. घरात पाटीवर 'पाणी' आणि 'गोळी' एवढंच लिहायचे म्हणे. बाकी दिवसभर हे पुस्तक आणि पेन्सिल.

मग तिनं विचारलं, "बाबानं त्यात काही लिहिलं हाय का, मॅडम? आमच्याशी तं काहीच बोलले नाही."

मी "आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. मांडीवर खोडरबराचा चुरा पडला होता. एका मुक्या झालेल्या माणसाचं शेवटचं बोलणं मी ओळ न् ओळ पुसून टाकलं होतं... इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

शेवटी पान उलटलं. एकशे एक्कावन्न.

'बाई, सुजाताचा फोन येऊन गेला असंल. आता खोडू नका. इथून पुढचं तिचं हाये.'

मी पुस्तक खाली टाकलं. खरंच टाकलं. भीतभीत उचललं तेव्हा पुढच्या पानाच्या समासात वर फक्त 'सुजाता' एवढं दिसलं. मी डोळे मिटून ते बंद केलं.

रविवारी ती बसनं आली. मी आधी सगळं कबूल केलं, हात जोडले. ती चिडली नाही. पुस्तक घेऊन खिडकीशी गेली, पान उन्हात तिरपं धरलं आणि बोट फिरवायला लागली.

"बाबा लय दाबून लिहत, मॅडम. हे पाहा, वळ हायेत." आणि माझं खोडलेलं एकेक तिनं वाचून दाखवलं. एकशे अठरावर रडू फुटलं तिला. मलाही.

फोन करायचं तिनं आदल्या रात्रीच ठरवलं होतं, घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. मग काकांना कसं कळलं? मी दहा प्रकारे विचार करून पाहिला... नाही सापडत उत्तर.

काल फोन करून विचारलं, कुठवर आलीस? म्हणाली, "रोज एकच पान वाचते मॅडम. जास्त नाही वाचवत. संपलं का बाबा पुन्हा चूप होतीन."

तर मंडळी, कादंबरी जरूर वाचा. शेवट मलाही ठाऊक नाही. साठेक पानं उरली आहेत, म्हणजे पुस्तक दोन महिने तरी मौद्यालाच राहील. यादीतल्या कुणीही तिला घाई करायची नाही.