नाराज भाविक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, ज्यांनी ती बातमी डोळे झाकून लावली त्या संपादकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, पण मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते जड आहे तेच बरं.

माझा भाचा साईश कारापूरचा. लग्न, वाढदिवस, जत्रा, जिथे बोलावतील तिथे डीजे लावतो. दोन वर्षांपूर्वी त्याने हिप-हॉपचा एक मिक्स अल्बम फोनवर सोडला. नाव 'फेरी'. चोपड्याच्या मासळीवालीची घासाघीस, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, रिव्हर्स येणाऱ्या खनिजाच्या ट्रकची टीं-टीं, दशावतारातली पेटी, कुठले कुठले परदेशी ढोल — आणि सगळ्याखाली एक जाड, संथ ठेका. अल्बम चांगला होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यातला एक तुकडा आमच्या पेडण्याच्या घरचा. चतुर्थीची आरती, बाबा सांगणारे, कातडं ताणलेल्या मातीच्या घुमटावर थाप मारणारा मी. माझा हात चुकला. बाबांनी आरती थांबवली नाही. दोन ओळींच्या मधे श्वास घेतात तेवढ्यात ओरडले —

"अरे, घुमट वाजय! पेजेचो तोप कित्याक बडयता?"

साईशने फोनवर टिपलेलं ते वाक्य उचललं आणि ठेक्यावर पुन्हा पुन्हा फिरवलं. पहिल्यांदा मलाच ऐकवलं. "मामा, आयक! आजो रॅपर जालो!"

मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

मग ते सगळीकडे झालं. म्हापशाच्या बसमध्ये ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की मागून पोरं ओरडायची, "पेजेचो तोप!" डिचोलीच्या आमच्या पेपरच्या कार्यालयात छायाचित्रकार टेबलावर बोटं आपटून तेच म्हणायचा. तोप, म्हणजे पेजेचं ते पातेलं, बडवणारा शेजारच्याच खुर्चीवर बसलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. बाबा तर फोन कानाला लावून बसायचे — "परत लाय रे तें म्हजें." आयुष्यभर गावाबाहेर कुणी न ऐकलेला माणूस, त्याचा आवाज आता बसमधून फिरत होता. आणि प्रत्येक फेरीत तो मलाच ओरडत होता.

मी काय केलं? एक बातमी लिहिली. 'घुमट आरतीची विटंबना. परिसरातील भाविकांत नाराजी.' भाषा संयत होती. नाव कुणाचंच नव्हतं, साईशचंही नाही. पण अल्बमचं होतं, तेवढं पुरे होतं. परिसरातल्या एकाही भाविकाला मी विचारलं नव्हतं. नाराज माणूस एकच होता आणि तो बातमी लिहीत होता.

छापून आल्यावर मात्र नाराजी खरोखरच सुरू झाली. ज्यांनी तो तुकडा ऐकलाही नव्हता तेही दुखावले. शेजारच्या गावच्या जत्रेत साईशचा कार्यक्रम ठरला होता, मोठा असा पहिलाच. समितीने तो रद्द केला. त्याने तुकडा काढून टाकला.

पण हे इथे संपलं असतं तर मी कदाचित कधीच बोललो नसतो. तो माझ्याकडे आला. रागाने नाही. म्हणाला, "मामा, ते भाविक कोण तें सांग. हांव वचून पांयां पडटां."

आणि मी — ज्याने नवोदितांना हे वाक्य शिकवलंय तो मी — त्याला म्हणालो, "सूत्रांची नावं आम्ही सांगत नाही."

त्याने ते मानलं. मग तोच शोधायला निघाला. नार्व्यापासून चोपड्यापर्यंत आरती मंडळांची दारं गाठली, प्रत्येक ठिकाणी माफी मागितली. सगळे म्हणाले, आम्ही नव्हे रे, आम्ही पेपरात वाचलं.

आता तुम्ही म्हणाल, याला पश्चात्ताप झाला. तो शब्द मला देऊ नका. माझ्या बाकीच्या बातम्या काढून तपासा, एकही खोटी सापडणार नाही. हे मी मान वर करूनच सांगतो. आणि ही एक खोटी होती, हेही मान वर करूनच. माझा अपमान होत होता, असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण ते मी माझ्या नावाने लिहिलं नाही. देवाला पुढे केलं.

गेल्या चतुर्थीला बाबा आरती सांगत होते. साईश आला होता, फोन दाराबाहेर ठेवून. मी घुमटावर होतो, आणि माझा हात पुन्हा चुकला. सगळ्यांना कळलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, श्वास घेतला — आणि न ओरडता पुढची ओळ धरली.

त्या भाविकांना राग येईल म्हणून.