शुक्रवारची सुट्टी

मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री आहे. संध्याकाळी घरी परतताना तिच्या उघड्या दारातून ओल्या सुती कापडावर गरम इस्त्री फिरल्याचा वास येतो, त्यात खळीचा आंबूसपणा मिसळलेला असतो, आणि आत पांढऱ्या दिशदाशा, इथल्या पुरुषांचे पायघोळ झगे, ओळीने टांगलेल्या दिसतात. लोकांना हा वास स्वच्छतेचा वाटतो, मला मात्र तो आला की थकायला होतं. उमेदीची अठरा वर्षं मी मस्कतमधल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत काढली. आता गुडघ्यांनी कुरकुर सुरू केल्यावर साहेबांनी मला वर स्टोअरच्या खुर्चीत बसवलंय. वाफेतून सुटलो असं वाटलं होतं. पण हा वास आला की शिवणाच्या मशीनवर वाकलेली ती थाई बाई आठवते, आणि घरापर्यंतची पुढची वाट लांब होते.

ती माझ्याच वयाची असेल. फाटक्या चादरी, सुटलेली बटणं, आचाऱ्यांचे उसवलेले कोट, सगळं तिच्या हाताखालून जाई. आमच्या तळघराची एक भाषा होती, पाऊण हिंदी आणि उरलेली इंग्रजी-अरबी. त्या भाषेत जेवणाच्या सुट्टीत, थोडं थोडं करून, तिने मला आपल्या वडिलांबद्दल सांगितलं होतं. म्हातारे गावातल्या भाताच्या गिरणीवर रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवत आणि सरकारला मनसोक्त नावं ठेवत. मग त्यांच्या देशात लष्कराने सत्ता घेतली. शिपाई येऊन म्हाताऱ्यांना छावणीत घेऊन गेले, काही दिवस ठेवलं, राजकारण बोलणार नाही असं लिहून घेतलं आणि परत आणून सोडलं. मारहाण नाही, काही नाही. पण त्यानंतर ते गिरणीवर गेले ते फक्त भात घेऊन. दोन वर्षांनी वारले. निवडणूक लागली की पहिलं मत त्यांच्या नावाने द्यायचं, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. जनरलसाहेब निवडणूक आज घेतो, उद्या घेतो म्हणत होते आणि ही इथे परक्यांच्या चादरी शिवत पाच वर्षं वाट बघत होती.

एकोणीस सालच्या मार्चमध्ये ती निवडणूक अखेर लागली. मोबाईलवरून तिने आपलं नाव नोंदवलं होतं. आणि एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन तिने शुक्रवारची सुट्टी मागितली, नाहीतर शनिवारची, दोन्हींपैकी कुठलीही.

आता लाँड्रीत ड्युटीचा तक्ता मी लिहीत असे. वर हॉटेलात मला कोणी विचारत नसे, तळघरात मात्र कोण कधी झोपणार आणि कोण कधी घरच्यांशी बोलणार हे माझ्या पेनावर ठरे. माणूस छोट्या खुर्चीवर जरा जास्तच ताठ बसतो, तसा मी बसत होतो. त्या शुक्रवारी-शनिवारी हॉटेलात मोठं लग्न होतं. खुर्च्यांची शेकडो आवरणं, त्यांच्या फिती, रुमाल, आणि मशीनवर हात बसलेली ही एकटीच. ती म्हणाली, एम्बसीत मतदान आहे. मी म्हटलं, तुमची निवडणूक तर पुढच्या रविवारच्याही पुढच्या रविवारी आहे, मी पेपरात वाचलंय. ती म्हणाली, बाहेरच्यांचं आधी. मी हसलो. परदेशात बसून, तेही आधीच, मत देता येतं हे माझ्या गावीही नव्हतं. आम्हा भारतीयांना मत द्यायचं तर विमानात बसून आपल्या गावच्या शाळेसमोर रांगेत उभं राहावं लागतं. तेव्हा हिला एम्बसीत कसलातरी कागद करायचा असेल, असं मी ठरवून टाकलं. वर तिलाच शिकवलं की आमच्याकडे एवढी कोट्यवधी माणसं मत देतात, मतदान कसं चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. शुक्रवार जमणार नाही, पण मतदानाच्या रविवारी पूर्ण दिवस सुट्टी देतो, स्टाफच्या गाडीचंही बघतो.  ती त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे हात जोडून मशीनकडे गेली. मला वाटलं, खूश झाली.

लग्न झोकात झालं. एकाही खुर्चीची फीत सुटली नाही.

त्या रविवारी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर आलो. तक्त्यावर तिच्या नावापुढे लाल शाईने सुट्टी मांडली होती आणि ड्रायव्हरला थांबवून ठेवलं होतं. ती मात्र गणवेश घालून मशीनवर बसलेली, आचाऱ्याच्या कोटाला बटण लावत. मी म्हटलं, "अरे, आज तुम्हारा वोट है ना? गाडी खडी है बाहर."

तिने मान वर केली नाही. "वोट खलास, भाई. फ्रायडे-सॅटरडे था." दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "मैं बोली थी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, लग्नाची सबब पुढे केली असती. मला लाज वाटली, आणि इतकी वर्षं झाली तरी ती पुरती गेलेली नाही. पुढे निकाल आले, आणि ज्यांनी सत्ता घेतली होती त्याच जनरलसाहेबांच्या पक्षाला सगळ्यात जास्त मतं पडली, गणवेश उतरवून तेच पुन्हा पंतप्रधान होणार हे दिसू लागलं. तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. तिच्या एका मताने काय होणार होतं, अशी स्वतःची समजूत घालायची सोय झाली.

पुढच्याच महिन्यात आपल्याकडे निवडणूक होती. तिने कुठूनतरी ते ऐकलं होतं. एका दुपारी चहाचा कप घेऊन ती माझ्या टेबलाशी आली आणि आमच्या गावचं मतदान कधी आहे ते विचारलं. मी दिवस सांगितला.

"तुम जाओ, भाई," ती म्हणाली. "तुम्हारा ड्युटी मैं करेगी."

मी बघू म्हणालो. माझी सुट्टी शिल्लक होती, मुंबईला रोज विमानं होती, मतदानकेंद्र आमच्या अंगणातून दिसतं. तरी मी गेलो नाही. उन्हाळा होता, अंगात कंटाळा होता, आणि एका मताने काय होतं हे मी नुकतंच स्वतःला पटवलं होतं. गावाहून भावाचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, सुट्टी मिळाली नाही रे.

समोर भिंतीवर त्या आठवड्याचा तक्ता होता, माझ्याच अक्षरातला. मतदानाच्या दिवसाच्या रकान्यात तिने आपल्या नावापुढची सुट्टी खोडून तिथे माझी वेळ लिहिली होती, आणि माझ्या नावापुढची जागा कोरी ठेवली होती.