मास्तरांचा राहिलेला खेटा

मास्तर गुरुवारी गेले आणि माझा नवस अर्धवट ठेवून गेले.

मास्तर म्हणजे माझे शेजारी. हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. पक्के नास्तिक.

मी पिठाची गिरण चालवली. शिक्षण सातवी. जोतिबाचा भक्त, आणि काळजी करण्यात पहिला नंबर.

चहाच्या गाड्यावर ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "बाळू, देव न्हाय हे आठवीच्या पोराला कळतंय."

"म्हणूनच की मास्तर. मी सातवीतच शाळा सोडली."

सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी आल्यावर मात्र लागायचं.

दिवाळीनंतर त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, साधं आहे. मला टेन्शनने जेवण जाईना.

दवाखान्याच्या जिन्यात नवस बोललो, "जोतिबा, मास्तर बरे झाले तर मास्तर पाच खेटे घालतील."

खेटे म्हणजे माघातल्या दर रविवारी कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर चालत जायचं. 'मी घालीन' म्हणायचं होतं. घाबरून त्यांचंच नाव तोंडातून गेलं.

मास्तर बरे झाले. माझी झोप उडाली. शेवटी सांगून टाकलं.

"माझ्या पायांचा नवस बोलणारा तू कोण रे?"

"चुकलं मास्तर. पण आता फेडायला लागतंय."

"देवच न्हाय, तर फेडायचं कुणाला?"

"मला झोप न्हाय, मास्तर."

मग म्हणाले, "येतो. पण देवळात पाऊल टाकणार न्हाय. आणि कुणी विचारलं तर डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

मी अनवाणी, ते स्पोर्ट्स शूज घालून. चढावर आमच्याहून वयस्कर एक म्हातारी "चांगभलं" म्हणत आम्हाला मागे टाकून गेली.

"बघा मास्तर, श्रद्धा!"

"वजन कमी हाय तिचं," मास्तर धापा टाकत म्हणाले.

तिसऱ्या रविवारी उतरताना ते एकदम म्हणाले, "तुला अडाणी म्हणतो ते गाड्यावरची माणसं हसावीत म्हणून. माझी एवढी काळजी घरात कुणी केली न्हाय."

माझे डोळे भरून आले.

"रडू नको. नवस हा अडाणीपणाच. त्यात बदल न्हाय."

चार खेटे झाले. गुरुवारी सकाळी पेपर वाचता वाचता गेले.

चालण्यामुळं झालं का, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तीनदा 'नाही' म्हणाले. तरी धाकधूक आहेच.

आज पाचवा रविवार. त्यांचा खेटा मी घातला.

देवळाच्या दारात पोचलो आणि अडलो. हा खेटा मास्तरांचा. ते आत गेले नसते.

मग मीही गेलो नाही. हातसुद्धा जोडले नाहीत, खिशात घातले.

आयुष्यात पहिल्यांदा जोतिबाच्या दारातून तसाच फिरलो. देव रागावला असेल का?

असलं काही मी मास्तरांनाच विचारायचो. ते म्हणायचे, "नसलेला देव रागावणार कसा, लेका?" मग मला झोप लागायची.

मास्तर, तुमचा नवस फिटला. आत्म्याला शांती वगैरे लिहीत नाही, तुम्ही ओरडाल.

सांभाळून जा. या अडाण्याचा शेवटचा नमस्कार.