विकायला काढलेली फटफटी

फटफटी घेताना झाला नव्हता एवढा आनंद मला ती साडूला विकायची ठरली तेव्हा झाला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जिंतूरकडचे जमीनदार. विहिरी, बाग, दिवाणखाना, सगळं वडिलांनी करून ठेवलेलं. स्वतःच्या कर्तबगारीने त्यांनी मिशा तेवढ्या वाढवल्या होत्या. मी परभणीच्या बैलबाजारात हेड्याच्या, म्हणजे गुरांच्या दलालाच्या, हाताखाली दुसऱ्याच्या बैलांची दावी धरून वाढलेला. पुढे स्वतःचे सौदे करू लागलो, मग सरकीचं दुकान टाकलं. ते मला ‘बाजारवाले’ म्हणत. प्रेमाने, असं बायको म्हणायची.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी आम्हा दोन्ही जावयांना शेजारी शेजारी जेवायला बसवलं. साडूंच्या ताटात श्रीखंड चांदीच्या वाटीत, माझ्या ताटात पितळेच्या. श्रीखंड एकाच पातेल्यातलं होतं, हे सासूबाईंनी मला मागाहून समजावून सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. वाटीही विसरलेलो नाही.

फटफटी मी मिळवली ती पोलीस ॲक्शननंतर. एक बडे अंमलदार घरचं सामान विकून हैदराबादेला निघाले होते. तीन दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसून होतो. चौथ्या दिवशी ते हात जोडून म्हणाले, “मियाँ, ले जाओ, मगर अब जाओ.” भाव असा करायचा असतो. विलायती गाडी, मागे स्प्रिंगची वेगळी बैठक. खोड एकच होती. ती सहसा लाथेने सुरू होत नसे, मागून कोणीतरी ढकलावी लागे. हे साडूंना सांगायचं मला काही कारण दिसत नव्हतं.

चार वर्षांत बायको त्या मागच्या बैठकीवर दोनदा बसली. दोन्ही वेळा मयतीला जायचं होतं. त्यामुळे सौद्याची बातमी ऐकून तिने हरकत घेतली, तेव्हा मला नवल वाटलं.

“विकायची तर विका,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “पर जाताना मला मागं बसवून न्या. अन् वाटंत जे बघण्यासारखं हाय, ते दाखवा.”

“परभणी ते जिंतूर वाटेत काय आहे? बाभळी.”

तिच्याकडे यादी तयार होती. बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीने गावोगाव फिरून जमवलेली माहिती. पेडगावच्या बाजूला एक पोकळ चिंच, तिच्या पोटात न्हावी बसतो. बोरीच्या अलीकडे एक बारव, तिथे ओरडलं की विहीर उलटं बोलते. आणि जिंतूरच्या जवळ माळावर एक काळा दगड, मारला की घंटेसारखा वाजतो.

“पेडगाव जिंतूरच्या वाटेवर नाही.”

“मग वाट वाकडी करा. चार वर्षं ती दारात उभी हाय, मी पुसून पुसून तिची धुराची नळी झिजवली. एक दिवस तरी माझा असंल का न्हाई?”

तर जिंतूर उत्तरेला असताना आम्ही सकाळी पश्चिमेला निघालो. ती नऊवारीत, एका बाजूला पाय सोडून, एका हाताने माझा खांदा धरून. गाडीचा आवाज असा की तिचं बोलणं मला ऐकू येईना आणि माझं ओरडणं तिला कळेना. दोन मैलांत आमचं भांडण झालं, आणि ते कशावरून झालं हेही एकमेकांना कळलं नाही. शेवटी मी गाडी थांबवून तिला आमच्या धंद्यातली युक्ती दिली. बैलाचा सौदा तोंडाने करत नाहीत; उपरण्याखाली हातात हात घालून बोटांनी भाव सांगतात. म्हटलं, पाठीवर एक बोट म्हणजे हळू, दोन बोटं म्हणजे थांबा, अख्खा पंजा म्हणजे चला. तिने लगेच एक बोट टोचलं. मग पेडगावपर्यंत ते तिथेच होतं.

चिंच खरंच पोकळ होती आणि न्हावीही खरंच आत होता. तो म्हणाला, दाढी करणाऱ्याला आत बसायला मिळतं. मी म्हटलं, माझी दाढी झालेली आहे, नुसतं आत बसायचं काय घेशील? तो म्हणाला, नुसतं बसायचं काही घेत नसतो, कारण नुसतं बसू देत नसतो. असा माणूस भेटला की मला सोडवत नाही. आमचं अर्धा तास चाललं. शेवटी रागाने मी दाढीवर दाढी करून घ्यायला तयार झालो, तर साबण लावून तो म्हणाला, आता जेवणाची वेळ झाली. मी वळून पाहतो तर बायको चिंचेच्या पोटातून बाहेर येत होती.

“वर भोक हाय,” ती म्हणाली. “आतून आभाळ दिसतं, एवढुसं. थाळीएवढं.”

मला ते आभाळ दिसलं नाही. गालाला साबण मात्र लागला होता.

बारवेच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. त्याने उतरायचे पैसे मागितले. मी एकदम फैलावर घेतलं त्याला: विहीर तुझ्या बापाची का? तो शांतपणे म्हणाला, “न्हाई मालक. उतरा, फुकट हाय.” असा झटपट जिंकलेला सौदा मी आयुष्यात पाहिला नव्हता. आम्ही खाली गेलो. बायकोने डोक्यावरचा पदर नीट केला, पाण्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने ओरडली, “गाडी विकायची न्हाई!”

“न्हाई… न्हाई…” बारव म्हणाली.

“ऐकलं का?”

“विहिरीला व्यवहार कळत नाही.”

“तुमाला लय कळतो. घरी सरकी, दारी सरकी, तोंडातबी सरकीच. मला एवढ्या वर्षांत काय बघायला मिळालं? दुकानाची मागची भिंत. आज कुठं चाकावर बसले, तर तुमी ती चाकंच दाजींना द्यायला निघालाव.”

मी म्हटलं, बारा वर्षांची वाटी आहे. तुला नाही समजायचं. ती पायऱ्या चढू लागली. वर आलो तर म्हातारा पायरीवर आडवा बसलेला. “उतरायचं फुकट हाय मालक. वर यायचे पैसे हायेत.” आवाज न करता दिले. त्याला मी दुकानात नोकरीला घ्यायला हवं होतं.

एवढ्या गडबडीत दुपार टळली. साडूंनी दिवस कलायच्या आत या म्हणून निरोप धाडला होता. अशी माणसं वेळ देतात, आपण पाळायची असते. जिंतूर जवळ आलं, माळ लागला, आणि पाठीवर दोन बोटं टेकली. उजव्या हाताला उतारावर काळा दगड मला दिसला. मी वेग वाढवला. दोन बोटं पुन्हा टेकली, या वेळी जोराने. मी तसाच पुढे. मग हात खांद्यावरूनच निघून गेला. पुढचे दोन मैल ती कशाला धरून बसली होती, देव जाणे.

साडूंनी ओसरीवरूनच स्वागत केलं. “या, बाजारवाले. उशीर केलाव.” गाडीभोवती एक फेरी मारली, दिव्यावर टिचकी मारली. सवयीने मी उपरणं काढून हातावर टाकलं आणि हात पुढे केला.

“हे काय?” ते हसले. “बैल घ्यायलाव का आमी? तोंडानं बोला. आमच्यात झाकून काही नसतं.”

मी तोंडाने बोललो. त्यांनी जो भाव दिला तो माझ्या मनातल्या आकड्याच्या वर होता. घासाघीस न करता! ज्याला कधी मिळवावं लागलं नाही, तो असाच देतो. मला आतून उकळ्या फुटत होत्या. दाराच्या आड मेव्हणी माझ्या बायकोला विचारत होती, “खरं सांग गं, गाडीवरून दिसतं तरी काय?” आणि बायको चिंचेतलं आभाळ सांगत होती. “आमच्या माळावरचा दगड पाहिलाव का? वाजतो म्हणतात,” मेव्हणी म्हणाली. “तू न्हाई पाहिलास अक्का? तुझ्या तर घराजवळ हाय.” “मला कोण नेतंय.”

“आत जरा गप बसा,” साडू म्हणाले. मग मला, “एक करा. ही मागची बैठक काढून द्या. बायका मिरवायचं आपल्यात न्हाई. तिथं बंदुकीची पेटी बांधतो.”

बायको चहा घेऊन आली. साडूंना कपबशी, मला पेला. पितळेचा. मी पेल्याकडे पाहिलं. ती माझ्या मागून वळली, आणि जाता जाता माझ्या पाठीवर अख्खा पंजा टेकला. टेकून राहिला.

मी भाव दुप्पट सांगितला.

“शुद्धीवर हायेत का?”

“बैठकीसकट. बैठक काढायची तर तिप्पट.”

त्यानंतर दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं, ते या घराण्यात अजून सांगतात. साडूंनी माझी बैलबाजारापासूनची सगळी तारीफ केली. मी त्यांच्या मिशांपर्यंत पोहोचलो. चहा न घेता मी उतरलो, ऐटीत गाडीवर बसलो आणि लाथ मारली. गाडी गप्प. दुसरी मारली. गप्प. ओसरीवर साडू, चार गडी, दारात मेव्हणी. बायकोने कासोटा घट्ट केला, मागे गेली आणि ढकलू लागली. मागे कोणीतरी हसलं. फाटकाशी गाडी फटफटली आणि ती धावत येऊन बसली. एवढ्या दिमाखात मी कोणाच्या घरून कधी निघालो नव्हतो.

माळावर उन्हं शेवटची होती. पाठीवर दोन बोटं टेकण्याआधीच मी थांबलो. दगडापाशी न्हावी नव्हता, म्हातारा नव्हता. भाव करायला चिटपाखरू नव्हतं. मला काय करावं सुचेना. तिने खडा उचलून मारला. दगड वाजला, स्वच्छ, काशाच्या थाळीसारखा. तिने पुन्हा मारला, मग इकडून, मग तिकडून. मीही एक खडा मारला. माझ्या बाजूने तो ‘थप’ असा वाजला.

“तुमची बाजू पितळेची हाय,” ती म्हणाली आणि पोट धरून हसली.

लोकांना मी अजून सांगतो, भाव जमला नाही म्हणून सौदा मोडला. साडूंनी पुढे जीप घेतली. मेव्हणीने दगड अजून पाहिलेला नाही. परवा बायकोने मला विचारलं, अक्काला एकदा मागे बसवून आणाल का? मी म्हटलं, आणीन. ढकलायला मात्र तिच्या यजमानांना सांग.