मासळीच्या फ्रीजरमधली हवा

सुनंदाला तिच्या विभागप्रमुखांनी फसवलं. तो सौदा मी जुळवून दिला. ही दोन वाक्यं आधीच लिहून टाकते, कारण तिच्या शोकसभेत पहिलं कुणी उच्चारलं नाही आणि दुसरं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

ती जाऊन सहा आठवडे झाले. पवनानगरला धरणाच्या काठी सकाळच्या होड्या लागल्या होत्या, मी कटला माशांचा भाव पाडत होते आणि तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. "हमीदाताई, अक्का गेली. झोपेतच..." मी फोन कानाला लावून तशीच उभी. समोरचा होडीवाला म्हणाला, "मावशी, आज गप का? बोला की, हा भाव चालंल का न्हाई?" मी मान हलवली. समोरच्याने सांगितलेला पहिलाच भाव मी उभ्या आयुष्यात एवढा एकदाच मान्य केला असेल.

आम्ही दोघी एका बाकावरच्या. दहावीनंतर मी मासळीची पाटी डोक्यावर घेतली आणि भांडत, घासाघीस करत गाडी, बर्फ, फ्रीजर उभे केले. ती शिकत राहिली आणि विद्यापीठात हवा मोजू लागली. जमिनीवरची नव्हे, वरची. लहानसं विमान, त्याच्या नाकापुढे काढलेली नळी. त्या नळीतून बाहेरची हवा आत ओढायची, पांढऱ्या गाळणकागदातून जाऊ द्यायची आणि कागदावर धूर, धूळ काय बसतं ते पुढे महिनोन् महिने तपासायचं. विमान धरणावरून वळलं की मी काठावरून ओरडायचे, "आमची सुनी चालली!" होडीवाले हसायचे. "मावशी, वरून मासं दिसत्यात का इचारा तिला, म्हंजी तितंच जाळं टाकू." मी खरंच विचारलं. ती गंभीरपणे म्हणाली, "मासे नाही दिसत. घाटातल्या गाड्यांचा धूर तुमच्या पाण्यावर येऊन पसरलेला मात्र दिसतो." चेष्टेला उत्तर देतानाही ती खरं तेच बोलायची. हा तिचा मोठा दोष.

प्रत्येक कागदाचे ती दोन तुकडे करायची. एक विभागात, एक राखीव. राखीव तुकडे गोठवून ठेवावे लागत आणि विभागात जागा नव्हती, म्हणून चंदेरी कागदाच्या पुड्या करून, घट्ट झाकणाच्या खोक्यात घालून ती माझ्याकडे आणायची. "तुझ्याकडे जनरेटर आहे. आणि तुझ्या वस्तूला हात लावायची कुणाची हिंमत नाही." बदल्यात मला एकदा विमानात बसव, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "नको बाई, तू वर गेल्यावर वैमानिकाशी भाव करशील."

त्या पुड्यांमध्ये दर उड्डाणाची एक पुडी वेगळी असे. तिच्यावर लिहिलेलं असायचं, 'कोरा'. तो कागद सगळ्यांबरोबर विमानात जायचा, त्याच पेटीत बसायचा, तेच हात त्याला लागायचे. फक्त त्यातून हवा ओढायची नाही. न वापरलेल्या मालाला एवढं काय जपायचं, मी विचारलं. "हमे, त्याच्यावर जे सापडतं ते आकाशातलं नसतं. आपल्या हाताचं, पेटीचं, विमानाचं असतं. ते आधी वजा करायचं. आपला मळ किती ते कळल्याशिवाय आकाशाला नावं ठेवता येत नाहीत."

एका मोसमात मावळावरच्या हवेतल्या धुराधुळीचे आकडे फार मोठे आले. विभागप्रमुखांनी तो शोधनिबंध घाईने छापला, त्यावर भाषणं केली. सुनंदाचंही नाव त्यावर होतं. नंतर तिने कोरे कागद तपासले तर तेही मळलेले. पंपाचं तेल पेटीत झिरपत होतं. निबंध मागे घेऊ या, असं ती म्हणाली. ते म्हणाले, थांबा. मग बाहेरच्या लोकांनी शंका काढल्या, चौकशी समिती बसली, आणि याच गृहस्थांनी समितीला लिहून दिलं की डॉक्टर सुनंदांनी कोरे कागद ठेवलेच नव्हते. विभागातले तुकडे तोवर नाहीसे झाले होते. तिला विमानातून उतरवलं.

ती थेट माझ्या दुकानात आली. "कोऱ्या पुड्या तुझ्याकडे आहेत. उद्या समितीपुढे ठेवते." मी तिचा हात धरला. म्हटलं, माल दाखवलास की भाव संपला. आधी विमानातली जागा परत माग, तुझा साहेब काय देतो बघ, मग खोका काढ. ती म्हणाली, "हा माल नाही, हमे." मी भडकले. नोकरांसमोर ओरडले, "तुला व्यवहार कळत नाही, म्हणून जो तो तुला लुटतो!" आणि तिने माझं ऐकलं.

ती विभागप्रमुखांकडे गेली. साहेब गोड बोलले. पावसाळ्यानंतर उड्डाणं तुमचीच. फक्त प्रकरण मिटवायला एका कागदावर सही करा. कागदावर होतं : त्या मोसमाचा कोणताही नमुना माझ्याकडे शिल्लक नाही. तिने तिथल्या जिन्यातून मला फोन केला. "हे खोटं आहे. करू सही?" मी म्हटलं, "तुझ्याकडे कुठायत? माझ्याकडे आहेत. कर बिनधास्त." फोन ठेवल्यावर मी स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन चहा मागवला.

पावसाळा सरला. विमान उडालं, आत दुसरंच कुणी होतं. समितीने तिचा निष्काळजीपणा लिहून फाईल बंद केली. मी म्हटलं, आता ने खोका. ती म्हणाली, "कोण मानेल? सही माझी आहे." मग तिच्याकडे विद्यार्थी येईनासे झाले. कुसगावच्या घरातून ती रोज पुण्याला जायची, शिकवून परत यायची. शेवटची भेटली तेव्हा दुकानावरून विमान गेलं. तिने वर पाहिलं नाही. फ्रीजर उघडून एका पुडीवरचं हिव अंगठ्याने पुसत राहिली. मला कधी एका शब्दाने बोलली नाही. एकदा शिव्या दिल्या असत्या तर... पण ती कुणाशी भांडलीच नाही. भांडण माझ्यावर सोडून गेली आणि आता ते जिंकून कुणाला द्यायचं?

खोका अजून रोहूच्या पाट्यांखाली आहे. वीज गेली की मी आधी त्या फ्रीजरकडे धावते. काल सगळ्या पुड्या पाहिल्या. तिचं तिरकं अक्षर, तारीख, उंची, आणि दर उड्डाणाला एक : कोरा.

साहेब, तुमच्याजवळच्या कागदावर लिहिलंय, नमुना शिल्लक नाही. ती सही माझ्या सांगण्यावरून झाली. माझा मळ किती, तो मी इथे चारचौघांत मांडला. आता तुमचा सांगा. या पुड्यांचे जोडीचे तुकडे तुमच्या विभागातून कुठे गेले? पवनानगरला या. मी खोका उघडून धरते. त्यात बघून उत्तर द्या.