सावद्याला फुगलेलं कपाट

अण्णा गेला तो गुरुवार होता. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि बसल्या जागी मान टाकली. दुपारी आम्ही त्याला नेलं. त्यानंतर वर्कशॉप उघडलं नाही.

अण्णा माझा मोठा भाऊ. जळगावात, नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं फर्निचरचं वर्कशॉप होतं. मी बी.ए. झालो, नोकरी मिळाली नाही, म्हणून त्याच्या हाताखाली आलो. ड्रॉइंग, एस्टिमेट आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे असायचं. मी रंधाही मारायचो. कधी फळी सरळ निघाली तर अण्णा म्हणायचा, "पंडित, आज पुस्तक घरी विसरला वाटतं."

भेटायला येणारे त्याच्या हाताचं कौतुक करतात. ते खरंच आहे. मला मात्र सध्या त्याचं एक बिघडलेलं काम सारखं आठवतं. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मे महिना. सकाळी आम्ही दोघं एका दरवाजाच्या चौकटीवर वाकलो होतो, तेवढ्यात दारात जीप थांबली आणि सावद्याचा एक तरुण खाली उतरला.

"अण्णा, चला. कपाट उघडत नही."

"कोणतं कपाट?"

"आमच्या माधुरीचं. खालचे तिन्ही ड्रॉवर. शालू आत, दागिने आत, न् संध्याकाळी लगन हाये."

माधुरीचे वडील सावद्याचे केळीवाले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मुलीला लग्नात द्यायला म्हणून त्यांनी अस्सल सागाचं कपाट सांगितलं होतं. वर दोन पल्ले, खाली तीन ड्रॉवर. त्या ड्रॉवरची एक खासियत होती. अण्णा ते इतके नेमके बसवायचा की एक आत ढकलला की आतली हवा दाबली जाऊन दुसरा आपोआप थोडा बाहेर यायचा. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. मीही नवं गिऱ्हाईक आलं की आधी तो खेळ दाखवायचो, मग एस्टिमेट सांगायचो. कपाट सावद्याला पोचवलं त्या दिवशी नानांनी शेजाऱ्यांना बोलावून तो खेळ पुन्हापुन्हा करून दाखवला होता.

आम्ही जीपने निघालो. भुसावळ मागे पडल्यावर अण्णा म्हणाला, "कुलूप बिघडलं असेल."

कुलूप बिघडलं नव्हतं.

नानांचं घर मळ्यात. चारही बाजूंनी केळीची बाग, आणि भिंतीला लागून पाण्याचा पाट. जळगावात तेव्हा डोकं तापून निघत होतं. इथे ओटीवर पाय ठेवताच अंगाला ओल जाणवली. कपाटाच्या खोलीत पाहुणे उतरले होते. त्यांच्यासाठी खिडकीत कूलर लावला होता, आणि त्या ओल्या वाऱ्याचा झोत नेमका कपाटावर येत होता. वरच्या ड्रॉवरची पितळी मूठ ओढून ओढून निघाली होती. ती कोणीतरी देवापुढे ठेवावी तशी कपाटावर ठेवली होती.

नानांची थोरली बहीण दारातच बसली होती. तिला सगळे अक्का म्हणत. आम्हाला बघून म्हणाली, "या! काय भो, कपाट केलं का बँकेचा लॉकर?"

अण्णाने ड्रॉवरच्या कडेवरून नख फिरवलं. फटच नव्हती. आमचं मूळ गाव धुळे जिल्ह्यात, पिंपळनेरकडचं. अण्णा जळगावात शुद्ध बोलायचा, पण घाबरला की अहिराणीत जायचा. "बठ्ठं फुगी गयं," तो हळूच म्हणाला. सगळंच फुगलं होतं.

इथे थोडं सांगायला हवं. लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं. लांबीत नाही, रुंदीत. फळी जेवढी रुंद तेवढी जास्त फुगते. ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्या आडव्या असतात, म्हणजे त्या उंचीला वाढतात आणि वरखाली दाटून बसतात. आम्ही ते कपाट जळगावच्या उन्हात, कोरड्या खणखणीत लाकडाचं केलं होतं. त्यात बाहेरून पॉलिश आणि आतून कोरं. आत कोण बघतं, असा सगळ्याच सुतारांचा हिशेब असतो. कोऱ्या लाकडाने सावद्याची ओल पोटभर प्यायली होती.

"मागची फळी काढू आणि मागून ढकलू," मी म्हणालो.

अण्णाने माझ्याकडे बघितलं. दुसरा कोणी मागे प्लायवूड ठोकतो. चार खिळे उपटले की ते निघतं. अण्णाने मागेही सागाच्या फळ्या सरसाने सांधल्या होत्या. भिंतीकडची बाजूही पुढच्यासारखी हवी, हा त्याचा हट्ट. ती बाजू निघणार नव्हती. कापावी लागणार होती.

"नाना, कूलर बंद करा," तो म्हणाला. "लाकूड वाळलं की आपोआप सुटेल."

"कव्हा सुटंल?"

"पाचसहा दिवस."

"भो, नवरदेव येऊ राह्यला!" नाना ओरडले. "वऱ्हाड फैजपूर सोडून पुढे निघालं असंल. त्याईले काय सांगू? मुलगी नंतर देतो, लाकूड वाळू द्या?"

खोलीत कोणीतरी हसलं. अण्णा कपाटावर हात ठेवून उभा होता. तेव्हा माधुरी आतून आली. अंगाची हळद अजून उतरली नव्हती. केस ओले.

"अण्णा, कापा," ती म्हणाली. "मले शालू पाहिजे. मागची बाजू कोण बघतं?"

अण्णाने कपाट भिंतीपासून ओढायला लावलं. मग खिशातून पेन्सिल काढली, काटकोन बघायचा गुण्या लावला आणि मागच्या फळीवर चौकोन आखू लागला.

"अगं बाई," अक्का म्हणाली, "फोडायचं तेही मापानं?"

"परत बसवायचं आहे, अक्का."

गिरमिटाने भोक पाडून त्याने करवत घातली. मी दुसऱ्या बाजूने फळी धरली होती. रेघ सोडून करवत गेली नाही. चौकोन निघाला. मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, त्याने मागून ठोके दिले. तिसरा ड्रॉवर निघाला, दुसरा निघाला. वरचा हलेना. शेवटी नानांच्या दोन पुतण्यांनी पुढून धरलं, अण्णाने मागून ठोकलं, आणि ड्रॉवर शालूसकट पुतण्यांच्या मांडीवर येऊन पडला. बायका शालू घेऊन आत पळाल्या.

अण्णाने मग अंगणात मांडवाच्या कडेला बसून तिन्ही ड्रॉवरच्या कडांना रंधा मारला. लावले तेव्हा ते अलगद सरकले. एक ढकलला तर दुसरा जागचा हलला नाही. जेवणाच्या पंगतीत नाना आमच्यासमोर वाढायला आले तेव्हा त्यांचा राग उतरला होता. "अण्णा, जिलबी घ्या. तुमची जळगावची हवा आमच्या हवेत काही चालली नही."

परतताना अण्णा हलका झाला होता. "शिकलो रे पंडित," तो म्हणाला. "आजपासून आधी घर बघायचं, मग रंधा हातात घ्यायचा."

आम्हाला वाटलं, चूक तिथे संपली.

पुढच्या उन्हाळ्यात माधुरी माहेरी जाताना वाटेत वर्कशॉपवर उतरली. नवरा बरोबर होता, तो बाहेर उसाचा रस घेत थांबला.

"अण्णा, तेव्हा ड्रॉवर निघत नव्हते, आता राहत नाहीत. ओढला की तोंड खाली करतो. परवा एक सासूबाईंच्या पायावर पडला. त्या म्हणाल्या, माहेरचं काम असंच ढिलं!"

"कुठं दिलंय तुला?"

"धुळ्याला."

अण्णाने रंधा खाली ठेवला. धुळ्याची कोरडी हवा त्याला माहीत नव्हती असं नाही. आम्ही लहानाचे मोठे त्याच पट्ट्यात झालो. कपाट लग्नातलं. ते सावद्याला राहणार नव्हतं, मुलीबरोबर जाणार होतं. आम्ही सावद्याला फुगलेलं लाकूड तासून आलो आणि धुळ्याला ते आकसलं.

"आपल्याला कोणी सांगितलं नाही," ती गेल्यावर मी म्हणालो.

"आपण विचारलं का?"

त्याच आठवड्यात तो एसटीने धुळ्याला गेला. ड्रॉवरच्या कडांना सागाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या, सावद्यासारख्या ओलीलाही पुरेल एवढी फट ठेवली आणि आतून-बाहेरून चपडी लाखेचं पॉलिश मारलं. पॉलिशने ओल थांबत नाही, पण आतबाहेर करायला तिला वेळ लागतो. सासूबाईंनी पाय दाखवला, मग चहा दिला.

तेव्हापासून लग्नाची ऑर्डर आली की अण्णा लाकूड, माप, डिझाइन काही न विचारता आधी विचारायचा, "मुलगी कुठं दिली?" अनोळखी लोकांना वाटायचं, हा स्थळं सुचवणारा आहे. एका गृहस्थांनी तर त्याच्याकडे धाकटीची पत्रिका देऊन ठेवली होती. हवेचा खेळ त्याने पुन्हा कधी दाखवला नाही. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये कोणी दाखवला की म्हणायचा, "छान. कोणत्या गावी जाणार?"

गेल्या महिन्यात मी धुळ्याला गेलो होतो. माधुरीच्या घरी कपाट अजून आहे. आता तिच्या सुनेचे कपडे त्यात असतात. मागच्या बाजूला करवतीचा चौकोन दिसतो. पट्ट्या सुटलेल्या नाहीत. ड्रॉवर एका हाताने उघडतो.